शिळे, उष्टे आणि गोठवलेले

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून ताजी भाजी पारखून आणणाऱ्या गृहिणीस गोठवलेल्या तयार जेवणाचे पुडके दाखविले, तर ‘शिळ्यास पैसे कोण मोजणार?’ असे उत्तर मिळण्याचा संभव फार. त्यास जोडूनच ‘आजीच्या वेळी अन्नाचा कण वाया जात नसे’ हेही ऐकावयास मिळते. या दोन्ही समजुती इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरतात, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

शिळ्याचा तिटकारा जुना खरा. गीतेच्या सतराव्या अध्यायात असे अन्न तामसांस प्रिय म्हटले आहे. परंतु आचार याहून लवचीक होता. शीतला सप्तमीस चूल विसावते व आदल्या दिवशीचे अन्न भक्तिभावाने खाल्ले जाते. रात्रीची पोळी सकाळी फोडणीस पडते. कुरडया-सांडगे उन्हात वाळवून वर्षभर पुरविले जातात. अमेरिकेत क्लॅरेन्स बर्ड्‌सआय यांनी अन्न त्वरित गोठविण्याची रीत बसविली व १९३० साली तसे पदार्थ दुकानांत आले. ऊन जे पाणी आटवून साधते, तेच थंडी पाणी गोठवून साधते. उणे १८ अंशांवर जंतूंची वाढ थांबते. तेव्हा गोठवलेले ते सारे शिळेच, हा निवाडा आम्हांस न्याय्य वाटत नाही.

दुसरी समजूत अधिक बोचरी आहे. कण वाया जात नसे, याचे एक कारण असे की, उरलेले घेण्यास दाराशी कोणी तरी उभे असे. गावकीची कामे करणाऱ्या महारांच्या वाट्यास घरोघरचे शिळे तुकडे येत. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी असले उष्टे-शिळे खाणे सोडण्यास आपल्या लोकांस बजाविले. ज्या काटकसरीचा आपण अभिमान धरतो, तिची किंमत कित्येकदा दुसऱ्याने आपल्या मानाने भरली होती.

तो घेणारा दाराशी उरला नाही, हे इष्टच झाले. परंतु ‘आल्यागेल्यास असावे’ म्हणून मूठभर अधिक शिजविण्याची सवय मागे राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात, साली-हाडांसह, १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील सुमारे ६० टक्के घरांतून. शीतकपाटात ठेवलेली आमटीची वाटी चौथ्या दिवशी मोरीत ओतली, तर नासाडी टळत नाही, केवळ लांबते. गोठवलेल्या पुडक्यातून हवे तेवढेच काढता येते, हा त्याचा गुण. पण तो गुण तांदूळ मोजून घेणाऱ्या हातासही साध्य आहे. मोजून शिजवावे, आणि तरीही उरलेच तर दुसऱ्या दिवशी आपल्याच ताटात वाढून घ्यावे, एवढेच आमचे सांगणे.