सर्पगंधेपासून ‘एम्‌डी’पर्यंत

महाड म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें रायगड उभा राहतो, अथवा २० मार्च १९२७ रोजीं चवदार तळ्यावर झालेला सत्याग्रह. पोलादपूर म्हटलें कीं उमरठ आणि तानाजी. सावित्रीकांठच्या या मुलखाला आतां आणखी एक ओळख चिकटूं पाहत आहे व ती कोणालाहि भूषणावह नाहीं. २०२५ सालीं महाडच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यावर धाड पडून केटामाइन या मादक द्रव्याचा साठा पोलिसांच्या हातीं लागला. त्याच्या आदल्या वर्षीं पुणें जिल्ह्यांत कुरकुंभ येथें मेफेड्रोन, म्हणजे तरुणांच्या बोलींतील ‘एम्‌डी’, सांपडलें होतें. केटामाइन निदान भूल देण्याच्या तरी उपयोगी पडतें. मेफेड्रोनला वैद्यकांत स्थानच नाहीं.

हीं उत्तेजक द्रव्यें मेंदूंत नेमकें काय करतात हें समजून घेण्यास थोडें मागें गेलें पाहिजे, आणि मौज ही कीं आरंभ आपल्याच झाडपाल्यापासून करावा लागतो. सर्पगंधा ही सह्याद्रीच्या रानांत वाढणारी वनस्पति आपल्या वैद्यांस जुन्या काळापासून परिचित होती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांवर तिचा प्रयोग करून १९४९ सालीं ब्रिटिश नियतकालिकांत आपले अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हां पाश्चात्त्य जगाचें तिच्याकडे लक्ष गेलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें तिच्यांतून रेसर्पिन वेगळें काढण्यांत आलें.

याच सुमारास सेरोटोनिनचा शोध पुढें सरकत होता. १९४८ सालीं रक्तांत ओळखलें गेलेलें हें द्रव्य १९५३ सालीं बेटी ट्वारॉग या संशोधक बाईंस मेंदूंतहि आढळलें. दोन वर्षांनीं ब्रोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रेसर्पिन दिलेल्या प्राण्यांचे मेंदू तपासले, तों त्यांतील सेरोटोनिन जवळजवळ संपलेलें! रेसर्पिन घेणारे कांहीं रोगी उदास होत, हें डॉक्टरांच्या पाहण्यांत होतेंच. मनाच्या वृत्तींचा एखाद्या द्रव्याच्या घटबढीशीं संबंध असावा, या कल्पनेला त्यामुळें बळ मिळालें.

रेसर्पिननें कोठार रिकामें होतें, पण कोठार शाबूत राहतें. औषध थांबविलें कीं तें पुन्हां भरतें. एम्‌डीएम्‌ए अथवा ‘एक्स्टसी’ या द्रव्याची गोष्ट निराळी आहे. जर्मनींतील मर्क कंपनींत १९१२ सालीं तें प्रथम तयार झालें, तेंहि दुसऱ्याच औषधाच्या शोधांत असतां, आणि पुढें कित्येक वर्षें त्याकडे कोणीं फारसें पाहिलें नाहीं. १९७० नंतर अमेरिकेंत कांहीं मानसोपचारकांनीं तें वापरलें, मग नाचगाण्याच्या मेळाव्यांत त्याचा सुळसुळाट झाला, व १९८५ सालीं तेथें त्यावर बंदी आली. त्याच वर्षीं रिकॉर्टे प्रभृतींनीं त्याच्या एका जवळच्या नातलग द्रव्यानें उंदरांच्या मेंदूंतील सेरोटोनिनवाहक तंतूंचीं टोकें नष्ट होतात असें दाखविलें. एम्‌डीएम्‌एविषयींहि तोच निष्कर्ष पुढें निघाला.

हें कसें घडतें? सेरोटोनिनच्या पेशी मेंदूच्या बुंध्यापाशीं असतात व त्यांचे लांबलचक तंतु सर्व मेंदूभर पसरतात. बाहेर सांडलेलें सेरोटोनिन परत आंत घेण्यासाठीं तंतूच्या टोकाशीं एक दार असतें. एम्‌डीएम्‌ए त्याच दारानें आंत शिरतें आणि दार उलटें फिरवितें. सांठा भडाभडा बाहेर पडतो. क्षणिक आनंद तो हाच. त्यांतच नवें सेरोटोनिन बनविणारें यंत्रहि बंद पडतें. मोठ्या मात्रेनें टोकेंच झडतात. मूळ पेशी मात्र जिवंत राहतात. शरीर तापलें असतां हानि अधिक होते. उंदरांस मागाहून कांहीं तासांनींहि त्या दाराला अडसर घालणारें फ्लुओक्सेटिन दिलें, तर ही हानि टळते. माकडांत सात वर्षांनींहि तंतूंची मूळची मांडणी पूर्ववत् झालेली नव्हती, असें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें.

येथें एक अप्रिय प्रकरण सांगणें भाग आहे. २००२ सालीं रिकॉर्टे यांनींच एक निबंध प्रसिद्ध केला. एका रात्रींत घेतल्या जाणाऱ्या मात्रेनें डोपामिनच्या तंतूंचाहि नाश होतो, असें त्यांत म्हटलें होतें. जगभर ओरड झाली. पुढल्याच वर्षीं तो मागें घ्यावा लागला. बाटल्यांवरील चिठ्ठ्यांची अदलाबदल होऊन माकडांस मेथॅम्फेटामिन टोंचलें गेलें होतें! वसतिगृहांतील हुशार पोराला असल्या गोष्टी बरोबर ठाऊक असतात, आणि वडील माणसांनीं एकदां अतिशयोक्ति केली कीं तो त्यांच्या खऱ्या बोलण्यावरहि विश्वास ठेवीत नाहीं. सेरोटोनिनविषयींचा पुरावा त्या चुकीनें बाद झालेला नाहीं, हें आम्हांस त्याला स्पष्टपणें सांगतां आलें पाहिजे. आणि माणसांत ती हानि किती होते व किती भरून येते याबद्दल विद्वानांत वाद आहे, हेंहि.

मेफेड्रोन १९२९ सालींच बनलें होतें. बाजारांत आलें तें या शतकाच्या पहिल्या दशकांत. आपल्याकडे १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याखालीं तें फेब्रुवारी २०१५ मध्यें आणलें गेलें. तेंहि त्याच दारानें शिरतें, आणि सेरोटोनिनबरोबर डोपामिनहि उसळवितें. उंदरांवरील प्रयोगांत कांहीं प्रयोगशाळांस सेरोटोनिनची टिकाऊ घट आढळली, कांहींस आढळली नाहीं. त्याचा अंमल लवकर उतरतो, म्हणून घेणारा एका रात्रींत पुन्हां पुन्हां घेतो. आणि तें चोरट्या कारखान्यांतून येत असल्यानें पुडींत काय व किती आहे, हें विकणारालाहि सांगतां येत नाहीं.