प्रेक्षकाचा चेहरा

देवगडच्या दक्षिणेस, कुणकेश्वर आणि आचरें यांच्या दरम्यान, मिठबांव हा गांव समुद्राला लागून वसलेला आहे. येथील गजबादेवीचें देऊळ उंचावर असून खालीं खडकांवर लाटा आपटत असतात. या किनाऱ्यावर भातकापणी आटोपली, कार्तिक सरत आला, कीं गांवोगांवीं जत्रांचे दिवस सुरू होतात. आणि जत्रा म्हटली कीं रात्रीं दशावतार हा ठरलेलाच. देवळासमोरची मोकळी जागा, एक बांकडें, पायपेटी, मृदंग आणि झांज एवढ्या सामग्रीवर मंडळी सारी रात्र जागविते. लिहिलेली संहिता नाहीं. आख्यान तेवढें ठरलेलें असतें आणि संवाद नट जागच्या जागीं रचतात. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत आले आहेत.

या खेळांत पाहाण्यासारख्या गोष्टी दोन असतात. एक बांकड्याभोंवतीं चालते. ती सर्वांना दिसते. दुसरी पाहावयाची तर नटांकडे पाठ करून बसावें लागेल, आणि तसें कोण बसणार! पण कोणी बसलाच तर त्याला असें दिसेल कीं, तिकडे राजानें ओंठ आवळले कीं इकडे पहिल्या चार रांगांतील ओंठ आवळले जातात. राणीच्या भिवया शोकानें वर चढल्या कीं म्हातारीच्या कपाळावरील सुरकुत्याही वर चढतात. तिला तसें करावयास कोणी सांगितलेलें नसतें. उलट “आजी, तुम्हीं तोंड कां असें केलें?” असें विचारल्यास, आपण कांहींच केलें नाहीं, असें ती मनापासून सांगेल.

भरताच्या नाट्यशास्त्राला ही गोष्ट अपरिचित नव्हती. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या या ग्रंथांत नटाच्या मुखाचा विचार थक्क करणाऱ्या बारकाईनें केला आहे. डोळे, भिवया, नाक, ओंठ, गाल आणि हनुवटी हीं ६ उपांगें. त्यांत दृष्टीचे प्रकार ३६ आणि भिवयांच्या हालचाली ७. परंतु या वर्णनाकडे अभ्यासकांचें जितकें लक्ष गेलें, तितकें सत्ताविसाव्या अध्यायांतील एका लहानशा स्थळाकडे गेलेलें नाहीं. तेथें भरतानें प्रेक्षकाचें लक्षण दिलें आहे. संतुष्टाला पाहून जो संतुष्ट होतो, शोकांत जो शोक पावतो, दीनाला पाहून जो दीन होतो, तोच नाट्याचा प्रेक्षक. पैसे मोजून निर्विकार मुद्रेनें बसणारा मनुष्य भरताच्या हिशेबीं प्रेक्षकच नव्हे!

हा शोक प्रेक्षकाचा स्वतःचा कीं नटाकडून उसना घेतलेला, हा प्रश्न पुढें टीकाकारांनीं लढविला. नट मूळ पात्राच्या भावाचें अनुकरण करतो आणि त्यावरून प्रेक्षक तो भाव अनुमानानें जाणतो, असें शंकुकाचें मत होतें. इसवी सनाच्या १००० च्या सुमारास काश्मीरांत अभिनवगुप्तानें तें खोडून काढलें. वेषाचें, चालीचें अनुकरण होईल. मनांतील भावाचें अनुकरण कसें व्हावें? प्रेक्षकाच्या मनांत वासनारूपानें जें आधींच आहे तेंच जागें होतें आणि तो तन्मय होतो, असें त्याचें म्हणणें. वाद शास्त्रीय खरा; पण त्याच्या तळाशीं साधा आणि अवघड प्रश्न आहे. दुसऱ्याच्या दुःखानें आपला चेहरा बदलतो, तेव्हां दुःख कोणाचें होत असतें?

युरोपांत याच प्रश्नाकडे लोक दुसऱ्या वाटेनें आले. कांपानेल्ला नांवाचा इटालियन तत्त्वज्ञ, एखाद्याच्या मनांत काय आहे हें जाणावयाचें असल्यास आपला चेहरा हुबेहुब त्याच्यासारखा करी आणि मग स्वतःच्या मनांत काय उमटतें तें पाही. ही हकीकत एडमंड बर्क यानें १७५७ सालीं सांगितली, आणि रागावलेल्या माणसाची मुद्रा धारण केली असतां आपलेंही मन तिकडे वळतें, असा स्वानुभव तीस जोडला. ॲडम स्मिथ याला जगानें अर्थशास्त्रज्ञ म्हणूनच लक्षांत ठेविलें आहे. पण १७५९ सालच्या त्याच्या नीतिविषयक ग्रंथांत डोंबाऱ्याच्या खेळासारखें एक चित्र आहे. दोरावरचा नर्तक तोल सांवरीत असतां खालची गर्दीही आपलीं अंगें तशींच वळवीत असते, असें तो म्हणतो. पुढें १८७२ सालीं डार्विननें भावदर्शनावरील ग्रंथांत आणखी उदाहरणें दिलीं. गायकाचा आवाज एकाएकीं बसला तर श्रोतेच खाकरूं लागतात. कोणत्याही संगीत नाटकाला गेलेल्या माणसास हें पटावें!

महाराष्ट्रांतही हा विचार थांबलेला नव्हता. १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनीं ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली: रसिक परक्या भूमिकेंत शिरतो, पण आपली भूमिका सोडून देत नाहीं. १९४२ सालीं के. ना. वाटवे यांनीं ‘रसविमर्श’ ग्रंथांत रसांची फेरतपासणी आधुनिक मानसशास्त्राच्या आधारें केली. केळकरांच्या म्हणण्यांत जत्रेंतील म्हातारीचें वर्णन कांपानेल्लाच्या युक्तीपेक्षां अधिक नेमकें उतरलें आहे. तिचा चेहरा राणीचा झालेला असतो. तरी मांडीवरच्या नातवाच्या अंगावर पांघरूण ओढावयास तिचा हात चुकत नाहीं.

चेहरा खरोखर हालतो कीं हा नुसता भास आहे, याचें मोजमाप मात्र १९८२ सालीं स्वीडनमधील उप्साला येथें उल्फ डिमबर्ग यानें प्रसिद्ध केलें. ओंठांचे कोपरे वर ओढणारा गालाचा स्नायु आणि भिवई आवळणारा स्नायु यांवर विजेचे सूक्ष्म प्रवाह टिपणारी साधनें लावून त्यानें लोकांना हंसऱ्या व रागीट चेहऱ्यांचीं चित्रें दाखविलीं. हंसऱ्या चित्रानें गालाचा, रागीट चित्रानें भिवईचा स्नायु हाले; पुष्कळदां इतका सूक्ष्म कीं पाहाणाऱ्यास दिसूंही नये. २००० सालीं त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं तीं चित्रें एका सेकंदाच्या अवघ्या शंभरांतील ३ भाग इतकाच वेळ दाखवून लगेच त्यांवर निर्विकार चेहरा आणला. पाहाणाऱ्यांना पहिलें चित्र जाणवलेंच नाहीं. स्नायूंना तें कळलें होतें.

येवढ्यावरून सगळी सहानुभूति स्नायूंतच आहे असें म्हणणें उतावीळपणाचें होईल. दांतांत लेखणी धरून ओंठांना हंसऱ्या ठेवणींत ठेवलें असतां व्यंगचित्रें अधिक गमतीदार वाटतात, असा १९८८ सालचा एक प्रयोग फार गाजला. २०१६ सालीं १७ प्रयोगशाळांनीं तो पुन्हां करून पाहिला तेव्हां तो परिणाम हातीं लागला नाहीं. जन्मतःच चेहऱ्याचे स्नायु लुळे असणारीं माणसेंही इतरांच्या मुद्रा चांगल्या ओळखतात, असें २०१० सालच्या एका अभ्यासांत दिसलें. आणि ज्याच्याविषयीं मनांत वैर आहे त्याच्या चेहऱ्याचें अनुकरण कमी होतें, असाही अनुभव आहे. चेहरा आपोआप हालतो खरा, पण कोणासाठीं हालावयाचें हें मन पुष्कळसें आधीं ठरवून बसलेलें असतें. अभिनवगुप्ताच्या वासना येथें पुन्हां आठवतात.

दशावतारांत एक पात्र मात्र असें आहे कीं ज्याचें मुखानुकरण कोणालाच करतां येत नाहीं. आख्यानाच्या आधींच्या भागांत शंकासुर येतो. काळा पोशाख, तोंडावर काळा बुरखा, त्यांतून लोंबणारी तांबडी जीभ. तो मालवणींत बोलून मोठ्यांना पोट धरून हंसवितो. पण लहान मूल त्याला पाहून क्षणभर ताठ होतें आणि लगेच मान वळवून आईच्या तोंडाकडे पाहातें. आई हंसत असली तर तें हंसतें; तिचा चेहरा ओढलेला दिसला तर भोकाड पसरतें. अमेरिकेंत १९८५ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याच जातीचा आहे. कांचेच्या मेजाखालीं खळगा भासेल अशी योजना करून वर्षाच्या मुलांना पलीकडे उभ्या असलेल्या आईकडे रांगूं दिलें. आईनें हंसरा चेहरा केला तेव्हां १९ पैकीं १४ मुलें खळगा ओलांडून गेलीं. भ्यालेला केला तेव्हां १७ पैकीं एकही गेलें नाहीं. हें निव्वळ अनुकरण नव्हे, त्यापुढची पायरी आहे. समोरच्याला चेहराच नसेल, तर मूल जवळच्या माणसाचा चेहरा वापरतें.

आणि जत्रेंत जवळचीं माणसें एकमेकांना दिसतात, ही गोष्ट महत्त्वाची आहे. १८७६ सालीं जर्मनींत बायरॉइट येथें वाग्नर यानें आपल्या नाट्यगृहांत प्रेक्षकांकडील दिवे जवळजवळ विझविले. पुढें तीच रीत सर्वत्र पडली, आणि चित्रपटगृहांत तर अंधारावांचून गत्यंतरच नाहीं. तेथें प्रेक्षक एकटा असतो आणि चेहऱ्यांचा प्रवास पडद्याकडून त्याच्याकडे असा एकाच दिशेनें होतो. देवळासमोर पूर्वींच्या मशालींचा, मागाहून गॅसबत्तीचा आणि आतां विजेचा उजेड नटावर पडतो तसाच पुढच्या रांगांवरही पडतो. एका बाईचे डोळे भरले तर तें शेजारणीला दिसतें, तिच्यावरून तिसरीला. आणि तें सगळें नटालाही दिसतें. त्याच्यापुढें संहिता नसल्यामुळें त्याला थांबविणारें कोणी नसतें. समोरचे चेहरे ओढलेले दिसले तर राणी आपला विलाप आणखी घटकाभर लांबविते, आणि पायपेटीवाला न सांगतां सूर धरून ठेवतो. असें करतां करतां उजाडूं लागतें, दहीहंडी फुटते, आणि मांडीवर झोंपलेलीं मुलें खांद्यावर टाकून माणसें घरोघर जातात.