मालतीमाधव (पाचवा अंक)

मालतीमाधव हे संस्कृत नाटककार भवभूती याने रचलेले दहा अंकी प्रकरण होय. त्याचा पाचवा अंक स्मशानभूमीत आणि तेथील कराला नावाच्या चामुंडा देवीच्या मंदिरात घडतो. झोपेत असताना पळवून आणलेली मालती ही तरुणी या मंदिरात बळी देण्यासाठी उभी केली जाते आणि विदर्भातील कुंडिनपुराहून शिक्षणासाठी आलेला माधव हा विद्यार्थी तिची सुटका करतो. कोवळ्या वयाची माणसे एखाद्या भयंकर जागी अडकतात, हा आजच्या किशोरवयीन भयकादंबरीचा परिचित विषय आहे. प्राचीन भारतीय साहित्यात तो ज्या थोड्या कृतींमध्ये सविस्तर आलेला आहे, त्यांत या अंकाची गणना होते. माधवाचे गाव म्हणून येणारे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर होय, असे परंपरेने मानले जाते.

नाटककार

भवभूतीचा काळ साधारणपणे इसवी सनाच्या सातव्या शतकाचा अखेरचा भाग ते आठव्या शतकाचा पूर्वार्ध असा मानण्यात येतो. कल्हणाच्या राजतरंगिणीत कनोजचा राजा यशोवर्मा याच्या आश्रितांमध्ये वाक्पतिराजासोबत त्याचा उल्लेख आहे. नाटकाच्या प्रस्तावनेत त्याने आपल्या कुलाची माहिती दिली आहे. त्यानुसार त्याचे घराणे पद्मपूर येथील असून पित्याचे नाव नीलकंठ, तर मातेचे जातुकर्णी होते. हे पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ असलेले पदमपूर होय, असे प्रतिपादन महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले. मालतीमाधवाखेरीज महावीरचरित आणि उत्तररामचरित ही त्याची दोन नाटके उपलब्ध आहेत. ती दोन्ही रामकथेवर आधारलेली आहेत. मालतीमाधवाचे कथानक मात्र कल्पित आहे आणि त्याचा नायक राजा नाही. प्रकरण या नाट्यप्रकारास ते साजेसे आहे.

पार्श्वभूमी

पद्मावतीच्या राजाचा अमात्य भूरिवसू आणि विदर्भराजाचा अमात्य देवरात हे विद्यार्थीदशेतील मित्र होते. आपल्या मुलांचा परस्परांशी विवाह करावयाचा, असे वचन त्यांनी एकमेकांस दिले होते. मालती ही भूरिवसूची कन्या आणि माधव हा देवराताचा पुत्र. न्यायविद्येच्या अध्ययनाच्या निमित्ताने माधव कुंडिनपुराहून पद्मावतीस येतो. त्याचा बालमित्र मकरंद त्याच्यासोबत असतो. पद्मावती नगरी म्हणजे मध्य प्रदेशात ग्वाल्हेरनजीक असलेले पवाया होय, असे मानले जाते.

दरम्यान राजा आपला मर्जीतील नंदन याच्यासाठी मालतीला मागणी घालतो. राजाचा रोष पत्करणे भूरिवसूला शक्य नसते. आपल्या कन्येवर महाराजांचीच सत्ता आहे, असे द्व्यर्थी उत्तर तो देतो. 'आपली कन्या' म्हणजे राजाची स्वतःची कन्या असाही त्याचा अर्थ होत असल्याने वचनभंग टळतो. परंतु हा शब्दच्छल मालतीला ठाऊक नसतो. दोन्ही कुटुंबांचा स्नेह असलेली बौद्ध परिव्राजिका कामंदकी या दोघांचा विवाह घडवून आणण्याचा प्रयत्न गुप्तपणे करीत असते. चौथ्या अंकात मालती नंदनाला दिल्याची वार्ता येते. सारे मार्ग खुंटले असे समजून माधव भुताखेतांना नरमांस विकून इच्छित प्राप्त करून घेण्याचा अघोर निश्चय करतो.

अंकाचे कथानक

अंकाच्या आरंभी कपालकुंडला ही योगिनी आकाशमार्गाने श्रीपर्वताहून येते. तिचा गुरू अघोरघंट या कापालिकाची मंत्रसाधना पूर्ण झालेली असून सांगतेसाठी त्याला एक स्त्रीरत्न देवीला अर्पण करावयाचे असते. ती स्त्री याच नगरात असल्याचे सांगून कपालकुंडला निघून जाते. बळी कोणाचा जाणार, याची शंका प्रेक्षकाला येते. माधवाला मात्र त्याची वार्ता नसते.

यानंतर हातात नरमांस घेतलेला माधव प्रवेश करतो. चितांचा उजेड, कोल्ह्यांची ओरड, नदीच्या पात्रात अडकलेल्या कवट्या, प्रेते फाडून खाणारे पिशाच या सर्वांचे वर्णन त्याच्या तोंडी येते. तो मोठ्याने मांसाची विक्री पुकारतो. परंतु भुतेच दूर पळतात आणि त्याचा हेतू निष्फळ ठरतो. तो परतू लागतो तोच कराला देवीच्या मंदिराकडून आर्त किंकाळी ऐकू येते. तो आवाज ओळखीचा वाटून माधव धावत सुटतो.

मंदिरात मालतीला बळीप्रमाणे तांबड्या माळांनी सजविलेले असते. अघोरघंट आणि कपालकुंडला चामुंडेच्या नृत्याचे स्तवन करतात. त्यानंतर, मरणापूर्वी तुला जो प्रिय असेल त्याचे स्मरण कर, असे मालतीला सांगण्यात येते. ती माधवाचे नाव घेते. शस्त्र उगारले जात असतानाच माधव मध्ये पडतो. आपण गच्चीवर निजलो होतो आणि जाग आली ती येथेच, एवढेच मालतीला सांगता येते. तिच्या शोधासाठी निघालेले सैनिक मंदिराला वेढा घालतात आणि माधव व अघोरघंट यांच्या संघर्षात अंक संपतो.

अघोरघंटाचा वध रंगभूमीवर दाखविलेला नाही. त्याची माहिती सहाव्या अंकाच्या आरंभी सूडाची प्रतिज्ञा करणाऱ्या कपालकुंडलेच्या भाषणातून मिळते. प्रत्यक्ष मृत्यू रंगमंचावर न दाखविण्याच्या संस्कृत नाट्यसंकेतास हे अनुसरून आहे. पुढे आठव्या अंकात कपालकुंडला मालतीला पुन्हा पळवून नेते. परंतु कामंदकीची पूर्वीची शिष्या सौदामिनी तिला वाचविते आणि दहाव्या अंकात सर्वांची भेट होते.

दोन बळी

या अंकातील भय केवळ भुताखेतांमुळे निर्माण होत नाही. मंदिरात प्रथम दिसते तेव्हा मालती देवीला किंवा कापालिकाला उद्देशून बोलत नाही. ती आपल्या पित्याला हाक मारते. राजाचे मन राखण्यासाठी ज्या व्यक्तीचा साधन म्हणून उपयोग करावयाचा होता तीच आता नष्ट होत आहे, अशा आशयाचे तिचे उद्गार आहेत. पित्याला मुलीपेक्षा राजाची मर्जी मोठी वाटते, हे शल्य तिने दुसऱ्या अंकातही बोलून दाखविले आहे. त्यामुळे मालतीला दोनदा अर्पण केले जात असल्याचे लक्षात येते. घरात ती राजाच्या इच्छेला अर्पण केली जाते आणि स्मशानात देवीला. दोन्ही ठिकाणी तिची संमती विचारली जात नाही. स्मशानातील वध टाळण्यास शौर्य पुरते. घरातील अर्पण टाळण्यासाठी मात्र सहाव्या अंकात मकरंदाला मालतीचा वेष घेऊन नंदनासमोर वधू म्हणून उभे राहावे लागते.

भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाची कारणे सांगताना अरण्य, ओसाड घर, विकृत आवाज यांच्याबरोबरच गुरू आणि राजा यांच्या अपराधातून उत्पन्न होणाऱ्या भयाचाही निर्देश आहे. पहिल्या प्रकारचे भय या अंकात स्मशानाच्या रूपाने समोर येते. दुसऱ्या प्रकारचे भय भूरिवसूच्या वागण्यामागे आहे आणि कथानकाला तेच गती देते.

रस आणि शैली

बीभत्स रसाचे उदाहरण म्हणून या अंकातील श्लोक साहित्यशास्त्रात प्रसिद्ध आहे. प्रेताची कातडी सोलून मांस खाणाऱ्या भुकेल्या पिशाचाचे त्यातील वर्णन मम्मटाने काव्यप्रकाशात उद्धृत केले आहे. स्मशानातील ही जुगुप्सा आणि मंदिरातील भय यांच्यामध्ये माधवाच्या मनातील मालतीचे स्मरण येते. त्यामुळे शृंगार, बीभत्स, भयानक आणि वीर हे रस एकाच अंकात एकापाठोपाठ येतात.

समास थोडे आणि वर्ण कोमल अशी वैदर्भी रीती विदर्भाच्या नावाने ओळखली जाते. विदर्भात जन्मलेल्या भवभूतीने तिचा उपयोग अन्यत्र उत्तम केला आहे. या अंकात मात्र त्याने दीर्घ समास, जोडाक्षरे आणि कठोर वर्ण यांचा मुक्त वापर केला. श्लोक मोठ्याने वाचल्यास अर्थ कळण्यापूर्वीच नादाने वातावरण उभे राहते. संवादाच्या दृष्टीने ही भाषा जड आहे, असा आक्षेप यावर घेतला जातो. या नाटकात विदूषक नाही, ही बाबही लक्षणीय आहे. त्यामुळे स्मशानातील प्रसंगात हास्याने ताण सैल होण्यास जागा उरत नाही.

समांतर कथा

स्मशानातील साधक, बळीसाठी आणलेली तरुणी आणि तिला सोडविणारा तरुण ही मांडणी भवभूतीपुरती मर्यादित नाही. दंडीच्या दशकुमारचरितात मंत्रगुप्त हा कुमार कलिंगाच्या राजकन्येला, कनकलेखेला, अशाच सिद्धाच्या हातून सोडवितो. सोमदेवाच्या कथासरित्सागरातील अशोकदत्ताच्या कथेत नरमांसविक्रीचा प्रसंग आहे. बाणाच्या हर्षचरितात भैरवाचार्याची स्मशानसाधना येते. तेथे मात्र राजा साधकाचा साहाय्यक असतो.

आधुनिक काळात बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांनी १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या बंगाली कादंबरीला 'कपालकुंडला' हे नाव दिले. किनाऱ्यावर मागे राहिलेला नवकुमार हा तरुण तेथे कापालिकाच्या हाती सापडतो आणि कापालिकाने वाढविलेली कपालकुंडला त्याची सुटका करते. भवभूतीच्या नाटकात बळी घेण्यास मदत करणाऱ्या स्त्रीचे नाव बंकिमचंद्रांनी बळीला वाचविणाऱ्या मुलीला दिले आहे. मराठीत नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी भयकथा व गूढकथा हे प्रकार लोकप्रिय केले.

कापालिकांचे चित्रण

अघोरघंटाच्या चित्रणावरून कापालिक संप्रदायाविषयी निष्कर्ष काढताना सावधगिरी आवश्यक ठरते. या संप्रदायाविषयीची बहुतेक माहिती विरोधकांच्या किंवा साहित्यिकांच्या लेखनातून मिळते. डेव्हिड लॉरेन्झन यांनी कापालिक व कालामुख यांच्यावरील १९७२ च्या ग्रंथात या मर्यादेकडे लक्ष वेधले आहे. महेंद्रवर्मा या पल्लव राजाच्या मत्तविलास प्रहसनात कापालिक हा भयंकर नसून मद्यपी आणि हास्यास्पद आहे. भवभूतीनेही सर्व सिद्धी वाईट ठरविलेली नाही. कपालकुंडला आणि सौदामिनी या दोघींचा संबंध श्रीपर्वताशी आहे आणि दोघींनाही सिद्धी प्राप्त आहे. एक ती वधासाठी वापरते, तर दुसरी रक्षणासाठी.

वऱ्हाडशी संबंध

माधवाचे कुंडिनपूर हे विदर्भाच्या प्राचीन राजधानीचे नाव आहे. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीकाठी असलेले कौंडिण्यपूर हे ते स्थान मानले जाते. तेथील उत्खननाचा वृत्तांत मो. गं. दीक्षित यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. हे गाव रुक्मिणीचे माहेर म्हणून ख्यात असून आषाढी वारीसाठी तेथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते.

रुक्मिणीच्या कथेचे मालतीच्या कथेशी असलेले साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. रुक्मिणीचा विवाह तिच्या इच्छेविरुद्ध शिशुपालाशी ठरविण्यात आला होता आणि देवीच्या दर्शनाला गेली असता श्रीकृष्णाने तिचे हरण केले. अमरावतीचे अंबादेवी मंदिर हेच ते देवीचे स्थान होय, अशी स्थानिक श्रद्धा आहे. मालतीमाधवाच्या सहाव्या अंकात विवाहापूर्वी देवीच्या पूजेसाठी आलेली मालती नगरदेवतेच्या मंदिरातूनच माधवासोबत निघून जाते. पाचव्या अंकात देवीचे मंदिर हे वधाचे स्थान असते. पुढच्याच अंकात तसेच दुसरे मंदिर सुटकेचे ठिकाण ठरते.

१९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचा भाग असलेले वाशीम, म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, हेही या संदर्भात उल्लेखनीय आहे. राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा गांधर्वविवाह वत्सगुल्म येथे झाल्याचे सांगितले आहे. वधूवरांच्या परस्परसंमतीने होणारा हा विवाहप्रकार होय. कामंदकीही मालतीसमोर शकुंतला, उर्वशी आणि वासवदत्ता यांची उदाहरणे ठेवते.

आवृत्त्या आणि भाषांतरे

होरेस हेमन विल्सन यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संस्कृत नाटकांच्या इंग्रजी भाषांतरसंग्रहात मालतीमाधवाचा समावेश होता. कृष्णशास्त्री राजवाडे यांचे मराठी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. संस्कृत नाटकांच्या भाषांतरांतून मराठी नाट्यवाङ्मय आकार घेत असतानाच्या काळातील ते एक महत्त्वाचे भाषांतर आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी जगद्धराच्या टीकेसह संपादित केलेली संस्कृत आवृत्ती १८७६ मध्ये मुंबई येथून निघाली आणि पुढील अभ्यासाचा ती आधार ठरली. मो. रा. काळे यांची विद्यार्थ्यांसाठीची आवृत्तीही प्रचारात आहे.

अभ्यासातील स्थान

भवभूतीचे नाव प्रामुख्याने उत्तररामचरितातील करुण रसासाठी घेतले जाते. त्यामानाने मालतीमाधवाचा हा अंक, विशेषतः त्यातील प्रेतवर्णने, विद्यार्थ्यांपर्यंत कमी पोहोचतात. ही वर्णने गाळून अंक वाचल्यास कथानक समजते. परंतु मालतीच्या पहिल्या हाकेचा अर्थ उणा होतो. ज्या जागेपासून माणसेच काय, भुतेही दूर पळतात तेथे उभी असताना तिला आठवण होते ती आपल्या घरात झालेल्या निर्णयाची. स्मशानाचे वर्णन संपूर्ण वाचल्यानंतरच त्या आठवणीचे गांभीर्य वाचकाच्या ध्यानात येते.