नको तिथे उगवलेले केस

गंगापुरात मेडिकलवर पंचविशीचा पोरगा येतो, आधी गर्दी ओसरू देतो आणि मग हळूच मोबाइल पुढे करतो. त्यात मित्राच्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो. "चिठ्ठी आहे का?" "नाही, पण हीच द्या." खोकल्याचं औषध मागताना कुणी आवाज खाली घेत नाही, केसांचं मागताना हमखास घेतो. स्थळ बघायला आलेली मंडळी विचारतात पगार, पण नजर असते कपाळावर.

केस गेले की आपल्याकडे आरोपी दोनच. एक बोअरचं खारं पाणी, दुसरं वाळूजला ड्युटीवर जाताना डोक्यावर बसणारं हेल्मेट. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकणाऱ्या आणि माथ्यावर चकती उघडी पाडणाऱ्या टकलाच्या बाबतीत दोघेही निर्दोष. चाई वेगळी. डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड भागात बायाबापड्यांचे केस मुठीत येऊ लागले, तोही प्रकार वेगळा. हे पुरुषी टक्कल घराण्यातून येतं, वर्षानुवर्षं सरकत राहतं.

तसं ते जुनंच. आयुर्वेदात त्याला खालित्य म्हणतात आणि दोष पित्ताकडे जातो. भर्तृहरीचा उन्हात सावली शोधणारा खल्वाट वामन पंडितांनी मराठीत आणला, त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर फळ पडतं. उपाय म्हणून घरोघर माक्याचं तेल. ग्रीकांना मात्र एक गोष्ट दिसली होती: लहानपणीच खच्ची केलेल्यांना टक्कल पडत नाही. अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टनने 1942 साली हे नीट मांडलं. अशा माणसांना पुरुषी संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, टोचलं की ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जाऊ लागत. कारण सापडलं, पण यावर उपाय काय करणार? ज्या उपायाने केस वाचतात तो कुणी करून घ्यायला तयार होणार नाही.

पुढे दोन औषधं आली, आणि दोन्ही केसांसाठी शोधलेली नव्हती.

पहिलं मिनॉक्सिडिल. अपजॉन कंपनी पोटाच्या अल्सरवर औषध शोधत होती. अल्सरला त्या वाटेने काही मिळालं नाही, पण रक्तवाहिन्या सैल पडतात हे दिसलं. म्हणून औषध रक्तदाबाकडे वळलं. गोळी घेणाऱ्यांचा दाब उतरला आणि कपाळावर, गालांवर, हातांवर लव दाट होऊ लागली. बायकांच्या दृष्टीने तर हा ताप. कोलोरॅडोत त्वचेचे डॉक्टर गुंटर कान आणि त्यांचे सहकारी पॉल ग्रँट यांनी मात्र त्या तापाकडे उलटीकडून पाहिलं. गोळीचा द्राव केला आणि स्वतःच्याच कातडीवर लावला. केस आले. मग हक्कावरून कंपनीशी बरीच वर्षं वाद चालला. गोळी 1979 मध्ये रक्तदाबासाठी मंजूर झाली, डोक्याला लावायचं पाणी 1988 मध्ये. कंपनीला नाव हवं होतं 'रीगेन', म्हणजे गेलेलं परत मिळवा. अमेरिकेच्या सरकारी औषध खात्याने हे आश्वासन जास्त होतंय म्हणून अडवलं, मग 'रोगेन' झालं. त्या खात्याला मी पूर्ण गुण देतो. औषधाचं खरं वर्णन तिथेच झालं.

दुसऱ्या औषधाचं कूळ जास्त नवलाचं. कॅरिबियन बेटांतल्या डोमिनिकन प्रजासत्ताकात सालिनास नावाचं खेडं आहे. तिथे काही मुलं जन्मतः मुलीसारखी दिसत, फ्रॉक घालून वाढत आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास मुलगे होत. गावाने त्यांना 'बाराव्या वर्षी' अशा अर्थाचं नावच देऊन टाकलं होतं. ज्युलियन इंपेरॅटो-मॅकगिनले या डॉक्टर बाईंनी 1974 मध्ये त्याचं कारण छापलं. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं जास्त जहाल संप्रेरक बनवणारं एन्झाइम या घराण्यांत कमी होतं. पोटातल्या मुलग्याचं बाह्य लिंग घडायला डीएचटी लागतं. तेच कमी पडल्याने जन्मतः ओळख पटत नसे. हे पुरुष मोठे झाले तरी प्रोस्टेट लहानच राही, आणि टक्कल पडत नसे.

मर्क कंपनीने तेच एन्झाइम अडवणारी गोळी केली, फिनास्टेराइड. 1992 मध्ये 5 मिलिग्रॅमची, म्हाताऱ्यांच्या प्रोस्टेटसाठी. 1997 मध्ये 1 मिलिग्रॅमची, डोक्यासाठी. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यात औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या रीतीला पेटंट होतं. त्यामुळे इथल्या कंपन्यांनी आपल्या रीतीने ती बनवली, आणि तालुक्याच्या दुकानात ती स्वस्तात येऊन बसली.

स्वस्त आहे म्हणून चॉकलेट नव्हे. मिनॉक्सिडिलचं पाणी लावायला लागलं की सुरुवातीला केस उलट जास्त गळतात, आणि निम्मे गडी तिथेच बाटली फेकतात. फरक दिसायला चार-सहा महिने जातात. औषध थांबवलं की राखलेले केसही हळूहळू जातात. उरलेलं सांभाळणं हेच त्याचं मुख्य काम, गुळगुळीत माथ्यावर शेत उभं करणं नव्हे. फिनास्टेराइडच्या गोळीने थोड्या पुरुषांची इच्छा मंदावते, काहींचं मन उदास होतं. प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडाही ती निम्म्यावर आणते, म्हणून डॉक्टरला आधी सांगावं लागतं. चिठ्ठी मागतात ती यासाठी.

आणि एक. आपल्याकडे जयंती म्हटली की मंडपात रक्तदान शिबिर असतंच. ही गोळी चालू असेल तर तिथल्या फॉर्मवर लिहा, आणि शेवटच्या गोळीनंतर एक महिना रक्त देऊ नका. ती बाटली एखाद्या गरोदर बाईला चढू शकते, आणि तिच्या पोटात मुलगा असू शकतो.