गोळंदाजाला लक्ष्य दिसत नाही: तोफखाना रेजिमेंटची गोष्ट

सटाण्यात पहाटे भरतीची तयारी करणारी पोरं रस्त्याकडेनं धावताना दिसतात. त्यातल्या एखाद्याला ‘आर्टिलरी’ मिळाली, की घरचे विचारतात, म्हणजे नक्की काय? आजचा भाग त्यावर.

आपल्या बागलाणाला तोफ नवी नाही हो. १६७२ च्या साल्हेरच्या लढाईत सूर्याजी काकडे पडले ते जंबुरक्याचा गोळा लागून, असं सभासद बखर सांगते. जंबुरका म्हणजे उंटाच्या पाठीवरची छोटी तोफ. इकडे मुल्हेरच्या तोफांना तर नावं होती: फत्तेलष्कर, रामप्रसाद, शिवप्रसाद. तोफांची नावं राहिली. त्या डागणाऱ्या गोळंदाजांची मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत, आणि हे मला नेहमी खटकतं.

गोळंदाज हा आपला शब्द इंग्रजांनीही उचलला. २८ सप्टेंबर १८२७ ला मुंबई फौजेत गोळंदाज बटालियनची एक कंपनी उभी राहिली. तीच पुढे पाचवी बॉम्बे माउंटन बॅटरी. आजही तो दिवस ‘गनर्स डे’ म्हणून पाळतात, आणि ती बॅटरी ५७ फील्ड रेजिमेंटमध्ये आहे.

मधे १८५७ झालं. इंग्रजांनी धडा घेतला: शिपायाच्या हातात बंदूक चालेल, मोठी तोफ नाही. डोंगरी तोफांच्या मोजक्या बॅटऱ्या सोडल्या, तर हिंदी तोफखाना मोडीत निघाला. खेचरावर लादायच्या त्या तोफा, लहानशा. म्हणजे बघा, भरवसा किती ठेवायचा हे तोफेच्या वजनावर ठरत होतं! हिंदी जवानांची फील्ड ब्रिगेड उभी राहायला १५ जानेवारी १९३५ उजाडला, तीही बंगळूरला. नऊच वर्षांनी, डिसेंबर १९४४ मध्ये, ब्रह्मदेशातल्या कलादान खोऱ्यात हवालदार उमराव सिंग आपल्या तोफेपाशी लढले. गोळ्या संपल्यावर त्यांनी तोफेचा लोखंडी दांडा हातात घेतला. जखमी अवस्थेत ते तोफेजवळ सापडले, आणि ती तोफ त्याच दिवशी पुन्हा धडाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

तोफेसाठी एवढं का? कारण पायदळाचं निशाण असतं, तसं तोफखान्याचं निशाण म्हणजे तोफच.

आता रचना, कारण घोळ इथंच होतो. मराठा लाइट इन्फंट्री ही एक रेजिमेंट, तिच्या पोटात बऱ्याच बटालियन. तोफखान्यात उलटं. संपूर्ण दल म्हणजे ‘रेजिमेंट ऑफ आर्टिलरी’, आणि त्याच्या आत पुन्हा आकड्यांच्या रेजिमेंट: फील्ड, मीडियम वगैरे. साधारणपणे एका रेजिमेंटमध्ये तीन बॅटऱ्या, बॅटरीत सहा तोफा, म्हणजे अठरा. वर कर्नल.

पण खरी गंमत तोफेपासून लांब आहे. बोफोर्सची तोफ सटाण्यात लावली, तर गोळा ताहाराबादच्या पलीकडे जाऊन पडेल. गोळंदाजाला लक्ष्य दिसतच नाही! ते बघतो पायदळासोबत डोंगरावर चढलेला तोफखान्याचाच अधिकारी. तो वायरलेसवरून ठिकाण सांगतो. मागं कमांड पोस्टवर वारा, उंची, दारूचं तापमान धरून हिशेब होतो, आणि मग तोफेवरच्या जवानांना दिशा आणि कोन मिळतो. पहिला गोळा पडला की वरचा माणूस दुरुस्ती सांगतो. आकडा चुकला, तर गोळा आपल्याच पोरांवर. १९९९ ला कारगिलमध्ये अडीच लाखांच्या वर गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली गेली, त्यामागं हीच साखळी होती.

हे सगळं शिकवतात कुठं, तर आपल्याच जिल्ह्यात. अधिकारी देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत, जवान नाशिक रोडच्या केंद्रात. नोव्हेंबर २०१८ मध्ये के-९ वज्र आणि एम-७७७ या नव्या तोफा दाखल झाल्या, त्याही देवळालीलाच.

भरतीच्या पोरांना मी आणखी एक सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिकलाच सरावात गोळा फुटून दोन अग्निवीर गेले. त्या वेळी युद्ध नव्हतं, समोर शत्रू नव्हता. तोफेवर काम करणाऱ्यांना मागं सुरक्षित बसलेले समजू नका. पंचेचाळीस किलोच्या आसपासचा गोळा पुन्हा पुन्हा उचलून भरायचा, तोही ठरलेल्या क्रमानं, पाऊस असो की बर्फ. म्हणून नुसती सोळाशे मीटरची धाव पुरणार नाही, गणितही पक्कं ठेवा.