विटीदांडू : टोल्याचे तंत्र व इतिहास

लाकडी दांडूने लहानशी विटी उडवून ती दूर टोलवण्याचा महाराष्ट्रातील जुना मैदानी खेळ. उत्तर भारतात तो गिल्लीदंडा म्हणून ओळखला जातो. विटी दोन्ही टोकांना निमुळती, तर दांडू सुमारे हातभर लांब असतो. धाराशिव जिल्ह्याच्या कोरड्या पठारी भागात बाभूळ विपुल असल्याने दोहोंसाठी तिचे चिवट लाकूड सोयीचे ठरते.

टोल्यात दोन आघात असतात. पहिला विटीच्या टोकावर; तो बेताचाच हवा, कारण जोर अधिक झाल्यास विटी वर न उडता पुढे निसटते. दुसरा आघात ती हवेत असताना करावयाचा. सर्वोच्च बिंदूपाशी विटीची वर-खाली होणारी गती क्षणभर नाहीशी होते आणि हाच टोल्याचा क्षण होय. मात्र ती स्वतःभोवती फिरत असल्याने आघात मध्यावर न बसता टोकावर बसला, तर शक्ती गरगरण्यात वाया जाते. टोल्याचे बळ केवळ मनगटात नसते. ते पायांपासून कंबर, खांदा व कोपर यांतून क्रमाने दांडूच्या टोकापर्यंत पोहोचते. अमेरिकी बेसबॉलमधील फटक्याचा क्रमही असाच आहे. तेथे १८.४४ मी. अंतरावरून येणारा वेगवान चेंडू सुमारे ०.४ सेकंदात फलंदाजाजवळ येतो. विटीदांडूत फेकणारा व मारणारा एकच असल्याने वेळेचे गणित खेळाडूच्या हाती राहते. जड दांडू नेहमीच हितकारक ठरत नाही, कारण आघाताची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात, परंतु गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

असेच खेळ अन्यत्रही होते. इंग्लंडमधील ‘टिप-कॅट’ खेळाचे वर्णन जोसेफ स्ट्रट याने १८०१ मध्ये केले. त्याआधी जॉन बन्यन याच्या १६६६ च्या आत्मकथनातही या खेळाचा उल्लेख येतो.

मराठी खेळातील वकट, लेंड, मूंड, नाल ही मोजणी विशेष लक्षणीय आहे. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांच्याशी तिचे साम्य उघड आहे; कन्नडमधील ओंदु, एरडु यांच्याशी ते तितके जुळत नाही. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, म्हणून हे शब्द निजामी राजवटीत आले असावेत असे वाटणे साहजिक आहे. परंतु तेच शब्द संस्थानाबाहेर पुण्याकडेही रूढ असल्याने हे अनुमान टिकत नाही. जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील *पेरिप्लस* या ग्रीक प्रवासवर्णनानुसार किनारी प्रदेशांतील माल तगरमार्गे भडोचला जाई. दख्खनमधील भाषासंपर्क किती जुना असू शकेल, याची त्यावरून कल्पना येते. खेळाचे वय मात्र त्यावरून काढता येत नाही.

विसाव्या शतकात खोखोला संघटना, नियम व स्पर्धा लाभल्या. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कारही मिळाला. विटीदांडूला तसा आश्रय लाभला नाही. अणकुचीदार विटीने डोळ्यास इजा होण्याची भीती हे त्याचे एक कारण होय. शिवाय टोल्याचे अंतर खेळाडूच्या स्वतःच्या दांडूनेच मोजले जाई, आणि प्रत्येक गल्लीतला दांडू निराळा असे.