इब्ने फिरनासनंतर : ऑक्टेव्ह शनूट यांची गोष्ट

सीरतचा जलसा असो की शाळेचे स्नेहसंमेलन, विज्ञानातील मुसलमानांच्या कामगिरीचा विषय निघाला की अब्बास इब्ने फिरनासचे नाव हमखास येते. नवव्या शतकात स्पेनमधल्या कुर्तुबा शहरात त्याने अंगाला पिसे लावली, पंख बांधले, उंचावरून झेप घेतली आणि काही अंतर तो हवेत तरंगत गेला. राइट बंधूंच्या हजार वर्षे आधी! इथे टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या नावाकडे वळतो.

टाळ्यांनंतरची गोष्ट अशी की उतरताना इब्ने फिरनासच्या पाठीला जबर मार बसला. पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतात हे त्याच्या ध्यानात आले नव्हते, असे अल-मक्करी लिहितो. हा अल-मक्करी सतराव्या शतकातला. म्हणजे एवढा मोलाचा तजुर्बा आपल्याला वाचायला मिळतो तो साडेसात शतकांनंतरच्या ग्रंथात, तोही चार ओळींत. पंख किती हात लांब होते, वजन किती होते, वारा कुठून होता, यातले त्यात काहीच नाही. शेपटीची चूक कळली, पण ती सुधारून पाहणाऱ्याच्या हाती काही मापे पडली नाहीत.

मापे, चुका आणि अपयशे जमवून पुढच्याच्या हाती देण्याचे काम ज्याने केले, तो माणूस पुलांचा इंजिनिअर होता आणि परदेशातून आलेला होता. ऑक्टेव्ह शनूट यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८३२ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील इतिहासाचे प्राध्यापक. १८३८ मध्ये ते अमेरिकेत गेले तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता. ऑक्टेव्ह इंजिनिअरिंग कॉलेजात कधी शिकले नाहीत. सतराव्या वर्षाच्या आसपास ते हडसन नदीकाठच्या रेल्वेच्या कामावर मोजणीची साखळी धरणाऱ्यांत लागले आणि तिथून वर चढत गेले. पदवीच्या कागदाला आपण आज जो भाव देतो तो पाहता हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

आपल्या भागातली रेल्वे आणि शनूट यांचे पूल एकाच काळातले आहेत. १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे वर्धा नदी ओलांडून नागपूरला पोहोचली. पुलगाव या नावातच पूल आहे. त्याच वर्षी शनूट यांनी कॅन्सस सिटीजवळ मिसुरी नदीवर पुलाचे काम हाती घेतले. नदी लहरी, तळ वाळूचा, आणि त्या नदीवर तोवर एकही कायमचा पूल नव्हता. जुलै १८६९ मध्ये हॅनिबल पूल खुला झाला. पुढे ते एरी रेल्वेचे मुख्य अभियंता झाले. लाकडी स्लीपर कुजू नयेत म्हणून त्यांत रसायन मुरवण्याचा धंदा त्यांनी उभारला, त्यात पैसाही मिळवला. १८९१ मध्ये अमेरिकेतील सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेचे ते अध्यक्ष झाले. नोकरीच्या धकाधकीत उडण्याचा नाद मात्र त्यांनी वर्षानुवर्षे बाजूला ठेवला होता.

तो नाद उघड झाला तो साठीच्या उंबरठ्यावर. जगभरात कोणी, कधी, कशाने उडायचा प्रयत्न केला आणि तो का फसला, याची त्यांनी लेखमाला लिहिली. तिचे पुस्तक १८९४ मध्ये निघाले. फसलेल्या माणसांची टिंगल न करता प्रत्येकाकडून काय शिकायचे ते त्यांनी नोंदवले. काहिरात राहणारे लुई मुइयार नावाचे एक फ्रेंच गृहस्थ गिधाडांकडे तासन्‌तास पाहत बसत. गिधाड पंख न हलवता वर कसे चढते, हा त्यांचा ध्यास. शनूट यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवला आणि त्यांचे अमेरिकन पेटंट स्वतःच्या पैशाने मिळवून दिले. मे महिन्यात वर्ध्याच्या तापलेल्या माळावरून घार घिरट्या घेत वर जाते, तेव्हा तीही तेच करते. तापलेली हवा वर उठते आणि घार तिच्यावर स्वार होते. गिधाडे दाखवायची म्हटले तर आता कठीण. गुरांना देत असलेल्या डायक्लोफिनॅकने त्यांचा घास घेतला. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता.

१८९६ च्या उन्हाळ्यात चौसष्ट वर्षांचे शनूट शिकागोजवळ, मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर तंबू ठोकून राहिले. उड्या मुख्यतः तरुण साथीदारांनी मारल्या. आधी बारा पंखांचे ग्लायडर करून पाहिले, पंख पुन्हा पुन्हा जागा बदलून लावले. ऑगस्टमध्ये बातमी आली की जर्मनीचे ओटो लिलिएंथाल ग्लायडरवरून पडून मरण पावले. त्यानंतरही शनूट पुन्हा टेकड्यांवर गेले. या वेळी एकावर एक असे दोनच पंख होते, आणि इथे पुलाचा इंजिनिअर कामी आला. चार पट्ट्यांची चौकट सुताराने कितीही घट्ट ठोकली तरी ती डुगडुगते, पण एक तिरकी पट्टी मारली की तिचे त्रिकोण होतात आणि ती जागची हलत नाही. छपराची कैची आणि रेल्वेचा पूल याच हिशेबावर उभे असतात. शनूट यांनी दोन पंखांमध्ये उभे लाकडी दांडे बसवले, तिरक्या तारा ताणल्या आणि मागे शेपूट लावली. हलके, मजबूत ग्लायडर तयार झाले. ते १०० मीटरपेक्षा जास्त तरंगत गेले आणि कोणालाही गंभीर इजा झाली नाही. (त्याच शिकागोत पुढे ढाक्याहून आलेल्या फजलूर रहमान खान यांनी शंभर मजली जॉन हॅनकॉक इमारतीला बाहेरून अशाच तिरक्या पट्ट्या दिल्या.)

शनूट यांनी ही रचना पेटीत बंद केली नाही, छापून टाकली. १३ मे १९०० रोजी विल्बर राइट या सायकल दुकानदाराने त्यांना पहिले पत्र लिहिले, आणि राइट बंधूंच्या ग्लायडरचे दोन पंख याच पद्धतीने जोडलेले होते. पुढे दहा वर्षे पत्रे चालली. शनूट त्यांच्या वाळूवरच्या तळावर १९०१, १९०२ आणि १९०३ मध्ये गेले. शिकागोच्या इंजिनिअरांपुढे विल्बरचे भाषण त्यांनीच ठरवले.

मग बिनसले. उडण्याचे ज्ञान सर्वांचे, असे शनूट यांचे म्हणणे. पंख पिळून तोल सांभाळण्याची युक्ती आमच्या कष्टाची, असे राइटांचे. पेटंटचे खटले सुरू झाले. १९१० च्या जानेवारीत दोघांची पत्रे कडवट झाली. माझ्या मते राइटांचीही बाजू होती. तोल सांभाळण्याचे कोडे त्यांनीच सोडवले होते आणि शनूट यांना ते शेवटपर्यंत नीट उमगले नव्हते. आपण त्यांचे शागीर्द आहोत असा लोकांचा समज होणे राइटांना खटकत होते. पण ज्या माणसाने आपल्या वह्या सर्वांपुढे उघड्या ठेवल्या, त्याला ही झटापट किती लागली असेल!

२३ नोव्हेंबर १९१० रोजी शनूट शिकागोत वारले. दोनच महिन्यांत, जानेवारी १९११ मध्ये, विल्बर राइट यांनी भांडण मागे ठेवून त्यांच्यावर लेख लिहिला. हा माणूस जन्मला नसता तर उड्डाणाचा सगळा इतिहास वेगळा झाला असता, असे त्यांनी त्यात मान्य केले.